खोदण्याआधी बघा : गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आणि जिथे जिथे आवारात चेंबरची झाकणे आहेत अशा सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू आहे. ३० सप्टेंबरच्या आत सभा उरकायची म्हणून ठिकठिकाणी विषयपत्रिका तयार होत आहेत. रंगकाम, लिफ्ट, पार्किंग यांच्या जोडीला त्यात एक विषय हमखास असतो : ‘आवारातील ड्रेनेज लाईन बदलण्याबाबत आलेल्या कोटेशनवर चर्चा करून निर्णय घेणे.’ तीन कोटेशन, तिन्हींत लाखांचे आकडे, आणि सर्वांत कमी दरवाल्यासाठी हात वर. त्या तिघांपैकी एकानेही ती लाईन आतून पाहिलेली नसते. समितीनेही नसते. न पाहिलेल्या दुखण्यावर आपण इलाजाचे दर तपासत बसतो.

मी महापालिकेच्या मलनिःसारण खात्यात अभियंता होतो, आता निवृत्त आहे. निवृत्तीनंतर लोकांना सत्संगाची आमंत्रणे येतात, मला ओळखीपाळखीच्या सोसायट्या चेंबर बघायला बोलावतात. त्या चेंबरांच्या काठावर उभे राहून जे दिसते त्यावरून आपल्याला एकच गोष्ट सांगायची आहे. लाईनच्या कोणत्याही मोठ्या कामाला मंजुरी देण्याआधी त्या लाईनमध्ये कॅमेरा घालून घ्या, चित्रीकरण समितीने स्वतः बसून पाहा आणि ते दप्तरी ठेवा. कोटेशन मागवायची ती त्यानंतर.

गेटवर कोण आले, कोण गेले हे टिपायला आपण बिनदिक्कत कॅमेरे लावतो. दूधवाल्याचे येणे-जाणे महिनाभर साठवून ठेवतो. साठ कुटुंबांचा मैला ज्या पाईपातून जातो त्यात मात्र इमारत बांधल्यापासून कोणी डोकावलेले नसते.

सध्या काय होते ते आपल्याला माहीतच आहे. तळमजल्यावरच्या एखाद्या घरात संडासाचे पाणी वर येते, नहाणी ट्रॅप बुडबुडतो. वॉचमन प्लंबरला फोन करतो. तो बांबूच्या पट्ट्या नाहीतर स्प्रिंग घेऊन येतो, चेंबरमधून ढोसतो, साठलेले पाणी गडगडत निघून जाते आणि व्हाउचरवर सही होते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. असे काही वेळा झाले की तो म्हणतो, “साहेब, लाईनच गेली आहे. बदलावी लागेल.”

तो खोटे बोलतो असे माझे म्हणणे नाही. लाईन कुठेतरी बिघडलेली असतेच. प्रश्न ‘कुठेतरी’चा आहे. चाळीस मीटरच्या लाईनमध्ये दोष अनेकदा दीड-दोन मीटरच्या तुकड्यात असतो आणि तो तुकडा कोणता हे पट्टी किती आत गेली त्यावरून अंदाजाने ठरते. पट्टी वळणावर अडली की जोडावर, साचलेल्या सिमेंटवर की मुळांच्या जाळ्यावर, हे हाताला कळत नाही. मग ब्रेकर येतो, पेव्हर ब्लॉक उखडले जातात, गाड्या आठवडाभर रस्त्यावर लागतात. पुण्यातल्या एका सोसायटीने पार्किंगखालची सगळी लाईन नवी टाकली आणि पहिल्याच पावसाळ्यात चेंबर पुन्हा भरला. दोष कुंपणाची भिंत आणि महापालिकेचा चेंबर यांच्यामधल्या शेवटच्या तुकड्यात होता, आणि नेमका तोच तुकडा ‘तिकडे आपण कशाला जायचे’ म्हणून सोडलेला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता त्या यंत्राविषयी. घरगुती लाईनसाठी जो कॅमेरा वापरतात तो चाकावर गुंडाळलेल्या ताठ केबलच्या टोकाला बसवलेला असतो. केबल फायबरग्लासची, वाकते पण मोडत नाही. लांबी साधारण वीस ते साठ मीटर, म्हणजे बहुतेक सोसायट्यांच्या एका चेंबरपासून दुसऱ्या चेंबरपर्यंत सहज पुरते. कॅमेऱ्याचे डोके अंगठ्याहून थोडे जाड, भोवती एलईडी दिव्यांचे कडे. चांगल्या कॅमेऱ्यात डोके कसेही फिरले तरी चित्र सरळच राहते, त्यामुळे भेग पाईपच्या माथ्यावर आहे की तळाला हे नीट कळते. केबल किती आत गेली ते मीटरमध्ये पडद्यावर सतत उमटत राहते. सहा इंची आणि त्याहून मोठ्या लाईनसाठी चाकांवर स्वतः चालणारे कॅमेरेही आहेत, पण आपल्या आवारात त्यांची गरज क्वचितच पडते.

पडद्यावरच्या चित्रापेक्षाही सोसायटीच्या खऱ्या उपयोगाची वस्तू त्या डोक्यामागे दडलेली असते : एक छोटा ट्रान्समीटर. तो बहुधा ५१२ हर्ट्झचा संदेश सोडतो, आणि हा संदेश बीडाच्या पाईपातून आणि मातीतूनही वर येतो. वर उभा असलेला माणूस हातातल्या लोकेटरने तो पकडतो आणि कॅमेरा या क्षणी कुठल्या फरशीखाली, किती खोल आहे ते सांगतो. तिथे खडूने फुली मारायची. खोदायचे ते त्या फुलीवर. एरवी तीस मीटर लांबीचा चर मारला गेला असता तिथे दीड मीटरचा खड्डा पुरतो, आणि सभासदांच्या गाड्या जागच्या जागी राहतात.

आत काय दिसते, हे जरा सविस्तर सांगतो, कारण समितीतल्या फार थोड्यांनी ते पाहिलेले असते.

जुन्या इमारतींत जमिनीखाली बहुधा स्टोनवेअरचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे चकचकीत पाईप असतात. एकेक पाईप जेमतेम दोन फुटांचा, म्हणजे दर दोन फुटांवर एक जोड, आणि जोड सिमेंटचा. वीस-तीस वर्षांत सिमेंट खिरते, जमीन किंचित बसते आणि जोडात केसाएवढी फट पडते. पिंपळ, उंबर, वड किंवा बिल्डरने शोभेला लावलेला फायकस यांच्या मुळांना तेवढी पुरते. आत ओल, खत आणि हवा सगळेच आहे. सुरुवातीला दाढीच्या खुंटांसारखे तंतू दिसतात, दोन-चार वर्षांत त्यांचा गच्च झुपका होतो आणि त्यात कागद, केस, कापडाचे तुकडे अडकू लागतात. बांबूने झुपक्याला भोक पडते, पाणी जाते, महिन्या-दोन महिन्यांत भोक बुजते. दर तिमाहीला येणाऱ्या चोकअपचे रहस्य बऱ्याचदा एवढेच असते. यावर सोसायटीचा पहिला विचार झाड तोडण्याचा असतो. तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि कॅमेऱ्याने नेमका जोड दाखवला तर बहुतेक वेळा तशी गरजच पडत नाही. मुळे आतून कापायची आणि तो जोड बंद करायचा. नुसती कापली आणि जोड तसाच ठेवला तर ती पुन्हा येणार, हेही लक्षात असू द्या.

नव्या इमारतींतला गुन्हेगार वेगळा. फ्लॅटचे नूतनीकरण करणारा ठेकेदार टाईल्सचे सिमेंट, ग्राउट, पुट्टी यांचे पाणी संध्याकाळी कुठे ओततो? नहाणीत. ते खाली सरकते आणि उतार मंदावतो तिथे थराथराने बसून दगड होते. कॅमेऱ्यात पाईपच्या तळाशी करडी, गुळगुळीत पाटी दिसते. चार इंची पाईपाचे कधी दोनच इंच उरलेले असतात. हे बांबूने निघत नाही आणि साध्या जेटिंगनेही, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी मारूनही, नाही. नूतनीकरणाला परवानगी देताना आपण अनामत रक्कम घेतो ती लिफ्टच्या आरशासाठी. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर त्या डाउनटेकखालच्या, म्हणजे मजल्यांवरून खाली येणाऱ्या उभ्या पाईपखालच्या लाईनमध्ये कॅमेरा फिरवला तर अनामत कुणाला परत करायची आणि कुणाची धरून ठेवायची याचा वाद राहणार नाही.

तिसरा प्रकार कागदावर सर्वांत साधा आणि प्रत्यक्षात सर्वांत चकवणारा : उतार. चार इंची पाईपला सुमारे चाळीसास एक (चाळीस फुटांत एक फूट खाली), सहा इंचीला साठास एक, नऊ इंचीला नव्वदास एक हा जुना व्यवहारी हिशेब. पाणी सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेगाने धावले तरच ते मैला सोबत घेऊन जाते. भरावाच्या जमिनीवर पाईपखाली नीट धुम्मस केलेली नसली की मधला भाग खचतो आणि पाईपात झोळी पडते. कॅमेरा पुढे जात असताना अचानक पाण्यात बुडतो, दोन-तीन मीटरनंतर पुन्हा वर येतो. तिथे पाणी कायम साचलेले असते, तेलकट गाळ बसत जातो. ही लाईन कुठेही फुटलेली नसते, मुळे नसतात, तरी ती पुन्हा पुन्हा तुंबते. बाहेरून कितीही अनुभवी माणसाला हे कळणार नाही. क्वचित उलटा उतारही सापडतो, म्हणजे पाणी इमारतीकडेच परत यायला बघते. असे काम बिल्डरच्या माणसाने केलेच कसे, असे सभासद विचारतात. वरून माती पडली की सगळे उतार सारखेच दिसतात.

आणखी पुष्कळ काही दिसते. पीव्हीसी आणि स्टोनवेअर यांचा नुसत्या सिमेंटने केलेला जोड, जो कधीतरी सुटतोच. बाजूच्या शाखेचा पाईप मुख्य लाईनमध्ये इतका आत घुसवलेला की येणारी प्रत्येक वस्तू त्यावर अडते. बीडाच्या जुन्या पाईपात गंजाचे पापुद्रे. फुटक्या जोडाशी घुशींचे बीळ. घुशी माती उकरून लाईनमध्ये ढकलतात आणि वर पेव्हर ब्लॉक खचतात. आवारात एकाच जागी ब्लॉक पुन्हा पुन्हा बसत असतील तर रेती टाकून ते सपाट करण्याआधी खालची लाईन बघा. स्वयंपाकघरातले तेल, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स यांच्याविषयी लिफ्टमध्ये सूचना लावलेली असतेच; ती कोणी वाचत नाही.

पावसाळ्यात गच्चीचे पाणी मैल्याच्या लाईनला कुणी जोडले आहे तेही कॅमेरा दाखवतो. बारा महिने शांत असलेला चेंबर जुलैतच का उसळतो, याचे उत्तर कधी कधी त्या एका चोरट्या जोडात असते.

आता थोडे उलट बाजूने. प्रत्येक चोकअपला कॅमेरा बोलवा असे मी म्हणत नाही. प्रथम महापालिकेच्या लाईनला जोडणाऱ्या आपल्या शेवटच्या चेंबरचे झाकण उघडून वरूनच बघा. तो भरलेला असेल आणि पुढचा रस्त्यावरचा चेंबरही भरलेला असेल तर आपली लाईन निर्दोष असू शकते. तक्रार वॉर्ड ऑफिसात करायची. शेवटचा चेंबर कोरडा आणि आधीचा भरलेला असेल तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये. एवढ्याला फक्त झाकण उघडायची पहार लागते. एखाद्या गली ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्याचा पाईप लाईनला मिळतो तिथल्या जाळीच्या खड्ड्यात, तूप-तेल गोठले असेल तर तो साफ करा आणि विषय संपवा. कॅमेरा हवा तो वारंवार येणाऱ्या दुखण्याला, मोठ्या खर्चाच्या आधी आणि काम झाल्यावर ते तपासायला.

कॅमेऱ्याच्या मर्यादाही आहेत. गढूळ पाण्याखाली त्याला दिसत नाही. पूर्ण ढासळलेल्या जागेपलीकडे तो जात नाही, तेव्हा पुढच्या चेंबरमधून उलट बाजूने घालावा लागतो. बाथरूममधल्या ट्रॅपच्या लागोपाठच्या वळणांत तो अडतो. पाईपमधून पाणी बाहेर जमिनीत मुरते आहे का, हे तो भेग दाखवून सुचवू शकतो, सिद्ध करू शकत नाही. त्यासाठी लाईनचे एक टोक बंद करून पाणी भरून पातळी उतरते का ते बघावे लागते.

या मर्यादांचा फायदा घेणारेही आहेत, म्हणून तपासणीच्या वेळी समितीतला एक तरी माणूस चेंबरपाशी उभा असावा. आधी जेटिंगने लाईन धुवून घ्या, मग कॅमेरा. मैल्याने भरलेल्या लाईनमध्ये कॅमेरा घालून ‘काही दिसत नाही म्हणजे लाईन फुटली’ असे सांगणारे मी ऐकले आहेत. चित्रीकरण सुरू होताना चेंबर, त्यावर लिहिलेला क्रमांक आणि आपली इमारत त्याच फितीत दिसली पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच कुठल्या लाईनची भीतिदायक फीत आपल्याला दाखवली जाते. मीटरचा आकडा चेंबरच्या भिंतीशी शून्य केलेला असावा. केबल शक्यतो प्रवाहाच्या दिशेने जावी आणि हळू जावी. सिनेमासारखी भरभर पळवलेली फीत निरुपयोगी. साध्या पाण्याची एक बादली वरच्या घरातून सोडायला लावा, म्हणजे कुठे पाणी थबकते ते दिसते. मूळ फाईल मागून घ्या. मोबाईलवर पडद्याचे केलेले चित्रीकरण मूळ फाईल नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्याला लाईन बदलायचे काम मिळणार आहे त्याच्याकडून तपासणी करून घेऊ नका. तपासणीचे पैसे वेगळे द्या, ज्याचा दुरुस्तीत फायदा नाही अशा माणसाला द्या. जो कॅमेरा फुकट घालून देतो तो आपले पैसे लाईन बदलण्यातून वसूल करणार, हे समजायला अभियंता असावे लागत नाही. खजिनदार इथे कुरकुरतात. एका तपासणीचा खर्च आणि खणलेले पार्किंग पुन्हा काँक्रीट करण्याचा खर्च त्यांनी एकदा शेजारी शेजारी मांडून बघावा.

अहवालात प्रत्येक दोषासमोर अंतर, खोली, छायाचित्र आणि गांभीर्य असावे. ब्रिटनमध्ये १९८० सालीच मलवाहिन्यांच्या दोषांना ठरावीक सांकेतिक नावे देणारी पुस्तिका निघाली आणि तिथून पुढे एक ते पाच अशी प्रतवारी रूढ झाली : एक म्हणजे चालेल, पाच म्हणजे ढासळली किंवा ढासळायच्या बेतात. आपल्याकडचे तपासणी करणारे सगळेच ही पद्धत वापरत नाहीत, पण मागितली तर देतात. प्रतवारीचा फायदा असा की पूर्ण लाईन बदला किंवा काहीच करू नका, या दोन टोकांच्या मध्ये पर्याय निघतात. पाचचा तुकडा आत्ता, तीनचा पुढच्या वर्षी पुन्हा बघू. काही ठिकाणी खोदावेही लागत नाही. रेझिनमध्ये भिजवलेली नळी पाईपात सरकवून फुगवायची आणि आतच कडक होऊ द्यायची, ही पद्धत १९७१ साली लंडनमध्ये पहिल्यांदा वापरली गेली आणि आता आपल्या मोठ्या शहरांतही होते. पण ती नळी कुठे बसवायची, आधी किती साफ करायचे, शाखांची तोंडे कुठे आहेत, हे सगळे कॅमेऱ्यानेच कळते. झोळी पडलेल्या लाईनला ही पद्धत उपयोगाची नाही. नळी झोळीच्याच आकाराची बसते.

लोकेटर आवारात फिरतोच आहे तर त्याच दिवशी लाईनचा नकाशाही करून घ्या. मंजूर आराखड्यातली लाईन आणि जमिनीखालची लाईन यांची गाठ फार थोड्या इमारतींत पडते. जुना सचिव गेला की चेंबर कुठे आहेत हेही विसरले जाते. फरशांखाली गाडलेले, कुंड्यांखाली दडलेले चेंबर लोकेटरनेच सापडतात.

ज्यांची इमारत नवी आहे त्यांनी तर हे आधी वाचावे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा सेवांमधला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला तर त्याने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. उलटा उतार, झोळी, लाईनमध्ये राहिलेला डबर हे सगळे त्यात मांडता येते, पण त्यासाठी दोष दिसला पाहिजे. सोसायटी स्थापन होऊन ताबा मिळाला की पहिल्या वर्षातच एकदा लाईन चित्रित करा आणि पाचवे वर्ष संपायच्या सहा महिने आधी पुन्हा एकदा. ‘तुमच्या सभासदांनी काहीतरी टाकले असेल’ हे बिल्डरचे ठरलेले उत्तर उलट्या उताराला लागू पडत नाही.

तळमजल्यावरच्या सभासदांसाठीही दोन शब्द. तुंबलेले पाणी सगळ्यांत आधी त्यांच्याच घरात येते आणि दोषही बऱ्याचदा त्यांच्याच माथी येतो. फ्लॅटच्या आतल्या जोडण्या सभासदाच्या, आवारातली सामाईक लाईन संस्थेची, हे उपविधींत स्पष्ट असले तरी वाद नेमका कुठल्या लाईनमध्ये अडथळा आहे यावर होतो. तो वाद चित्रीकरण मिटवते. मात्र त्या फितीचा वापर कोणी काय फ्लश केले याचा छडा लावून व्हॉट्सअॅप ग्रुपवर शोभा करायला होऊ नये. तसे एकदा झाले की पुढच्या वेळी कोणी कॅमेऱ्याला दार उघडणार नाही.

ज्याच्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहायला घेतले ते आता.

आजवर आपल्या आवारात लाईन आतून ‘बघण्याचे’ काम माणूस करत आला आहे. पट्टी अडली की कुणाला तरी चेंबरमध्ये उतरवले जाते, तो हाताने चाचपतो आणि सांगतो काय आहे ते. ठेकेदार हा माणूस कुठल्या वस्तीतून आणतो, तो कुठल्या जातीचा असतो, हे आपल्याला ठाऊक असते आणि आपण विचारत नाही. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा, कलम ७, सांगतो की कोणीही, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, कोणत्याही व्यक्तीला मलवाहिनीच्या किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कामाला लावू शकत नाही. मानवी मैला वाहून नेणारी जमिनीखालची कोणतीही पाईपलाईन त्यात येते, तेव्हा ‘हे तर सोसायटीचे खासगी आवार’ ही पळवाट नाही. ‘ठेकेदाराचा माणूस होता’ हीसुद्धा नाही, ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द त्याचसाठी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीच्या एका खासगी सोसायटीत सेप्टिक टँक साफ करताना तीन कामगार मेले. त्यांच्या पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला. एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत चार कामगार गेले. मधल्या काळात, २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई तीस लाखांवर नेली होती. भरपाईचा आकडा वाढला, टाक्यांत उतरणे थांबले नाही.

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, चेंबरच्या आणि टाकीच्या तळाशी बसून राहतो. गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. अगदी थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास येतो, दशलक्षात शंभर भागांच्या आसपास नाकच बधिर होते आणि वास ‘गेल्या’सारखा वाटतो. तेवढ्यात माणूस खाली उतरतो. त्याच्याहून बरेच जास्त प्रमाण असेल तर एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. त्याला काढायला दुसरा उतरतो, म्हणून अशा बातम्यांत अनेकदा एकापेक्षा जास्त माणसे मेलेली असतात. काडी पेटवून वायू तपासण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. मिथेनही तिथेच असतो हे त्या काडीवाल्याला कोणी सांगितलेले नसते.

कॅमेऱ्याची केबल चेंबरच्या काठावरून आत जाते. जेटिंगचा पाईपही काठावरूनच जातो, गाळ सक्शनने वर येतो. निदानासाठी कोणालाही खाली उतरावे लागत नाही. चेंबरमध्ये उतरल्याशिवाय काम होणार नाही असे कोणी म्हणाले तर ते काम त्याच्याकडून करून घेऊ नका. सेप्टिक टँक उपसायची असेल तर १४४२० या हेल्पलाईनवर चौकशी करा.

सभेत मांडायला सोपे जावे म्हणून ठरावाचा मसुदा देतो. आपल्या भाषेत बदलून घ्यावा :

‘आवारातील मलवाहिनीची कॅमेऱ्याद्वारे तपासणी दुरुस्तीच्या कामात हितसंबंध नसलेल्या व्यक्तीकडून करून घ्यावी. मूळ चित्रफीत, अहवाल व वाहिनीचा नकाशा संस्थेच्या दप्तरी ठेवावा आणि समिती बदलताना नव्या समितीकडे पोच घेऊन सोपवावा. तपासणी अहवाल सभासदांसमोर ठेवल्याशिवाय वाहिनी बदलण्याची कोटेशन मागवू नयेत. दुरुस्ती झाल्यावर, अंतिम बिल देण्यापूर्वी, त्याच भागाचे पुन्हा चित्रीकरण करावे. कोणत्याही कारणासाठी कोणत्याही व्यक्तीस चेंबर, सेप्टिक टँक किंवा सांडपाणी टाकीत उतरवू नये, आणि ही अट प्रत्येक कार्यादेशात लिहावी.’

सूचक आणि अनुमोदक सभेत मिळतात. विषय मात्र सभेची चौदा दिवसांची नोटीस निघण्याआधी सचिवांकडे लेखी पोचलेला असावा. सचिव स्वतःच हे वाचत असतील तर त्यांनी तो आजच पत्रिकेत घालावा, आणि आलेली तीन कोटेशन तूर्त फाईलमध्येच राहू द्यावीत.

आपला,
मलनिःसारण खात्यातला एक निवृत्त अभियंता